पाडून आणलेली बिस्किटं

आमच्या घरी बिस्किटं विकत आणत नसत, पाडून आणत. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात पाहुण्यांची वर्दळ सुरू व्हायच्या सुमारास आई आदल्या रात्री गव्हाचं पीठ चाळून ठेवायची. साखर गिरणीतून दळून आलेली असे. वनस्पती तुपाचा डबा, किटलीत 2 लिटर दूध, कागदाच्या पुडीत वेलदोड्याची पूड असं सगळं पिशवीत भरलं जाई. गोडेतेलाचा 15 किलोचा पत्र्याचा डबा घासून, उन्हात कडकडीत वाळवून ठेवलेला असे. तो सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून वडील दुपारी बेकरीकडे निघत. मी पुढच्या दांडीवर, दुधाची किटली सांभाळत.

बेकरीत आधीच आठ-दहा डबे ओळीने लागलेले असत. ज्याचा नंबर येई त्याचं पीठ मोठ्या लाकडी टेबलावर ओतून त्याच्यासमोरच मळलं जाई. मग हाताने फिरवायच्या यंत्राच्या साच्यातून रेघारेघांच्या पट्ट्या बाहेर पडत. कारागीर त्या बोटभर लांबीने कापून काळ्या पत्र्यांवर मांडी. पत्रा भट्टीत जाण्याआधी एका चिठोऱ्यावर आडनाव लिहून पिठाच्या चिमटीने कोपऱ्याला चिकटवायचं, हे माझं काम. बाहेर येईपर्यंत कागद तपकिरी होई, पण आडनाव वाचता येई. हे आडनाव महत्त्वाचं होतं. कुणी निम्मा मैदा घालत, कुणी घरचं तूप, कुणी बडीशेप. आमच्या बिस्किटांना वेलदोड्याचा वास हवा आणि तो शेजारच्यांच्या डब्यात जाता कामा नये. भट्टी सगळ्यांची एकच, चव मात्र ज्याची त्याची.

पुढे शिक्षण आणि नोकरीत पुण्यात बरीच वर्षं गेली. कॅम्पातल्या 1955 सालच्या कयानी बेकरीसमोर श्रुजबरी बिस्किटांसाठी मी पुष्कळ वेळा रांगेत उभी राहिले आहे, आणि ती खोकी घेऊन येताना दर वेळी आनंदच झाला आहे. पण त्या रांगेत उभं राहिलं की मला माझ्या गावची, जुन्नरची, डब्यांची रांग आठवे. दोन वर्षांपूर्वी मी जुन्नरला परत आले, इथल्याच शाळेत शिकवू लागले. गेल्या डिसेंबरात सुट्टी काढून ठरवलं, की आठवडाभर आपल्याच जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून फिरायचं, आणि फिरायचं ते खाण्याच्या वाटेने.

सुरुवात अर्थातच बेकरीपासून केली.

ती तिथेच होती. जुन्या पेठेतली अरुंद गल्ली, भिंतीला रचलेली लाकडं, आणि गल्लीच्या तोंडाशी मान वर केली की शिवनेरीचा कडा. तेव्हाचे कारागीर आता मालक झालेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मला पाहून ते थोडे थबकले. ‘‘मास्तरांची पोरगी ना तू? किटलीवाली?’’ मी हो म्हणाले. त्यांनी बाकावरचं पीठ फडक्याने झटकून बसायला जागा केली.

लहानपणी भट्टी म्हणजे एक काळोखं तोंड एवढंच कळत होतं. या वेळी मी रात्रीपासून सकाळपर्यंत तिथे बसले आणि तिचा दिनक्रम समजून घेतला. भट्टी विटांची, आतून घुमटासारखी. रात्री तिच्या पोटात लाकडं पेटवतात. विटा तापून लाल झाल्या की निखारे बाजूला ओढतात आणि बांबूला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने आतली जमीन पुसून घेतात. त्या वेळी जी वाफ उठते तिला ओल्या मातीचा आणि राखेचा वास असतो. मग चाचा चिमूटभर पीठ आत भिरकावतात. पीठ पडल्या पडल्या काळं झालं तर थांबायचं. सावकाश बदामी झालं की पावाचे पत्रे आत सरकवायचे. उष्णतामापक नाही, घड्याळ नाही. चिमूटभर पीठ सांगेल तेच खरं.

पहिली कडक आच लादी पावाची. पहाटे साडेपाचला चहाच्या हॉटेलांची, वडापावच्या गाड्यांची पोरं येऊन लाद्या उचलून नेतात. त्याच्या मागून खारी. तिच्या पिठाला तूप फासून घडी, लाटणं, पुन्हा घडी असं इतक्या वेळा झालेलं असतं, की भट्टीत गेल्यावर पदर न् पदर सुटून उभा राहतो. मग उतरत्या आचेवर नानकटाई, आणि दुपारनंतर, भट्टी शांत झाली की, घरोघरची बिस्किटं. रात्री नवीन लाकडं पडायच्या आधी जी शेवटची धग उरते तीसुद्धा वाया जात नाही. कापलेले टोस्ट आणि गोल बटर तिच्यात वाळत ठेवतात. एकदा पेटवलेली आच चोवीस तास अशी पायरीपायरीने वापरायची, हे शहाणपण मला फार मोठं वाटलं. आमच्या घरी आई चुलीवरचा तवा उतरल्यावर निखाऱ्यात वांगी पुरायची, तसंच हे.

‘‘अजून पाडून नेतात का लोक?’’ मी विचारलं.

‘‘दिवाळीत नेतात. पूर्वीइतके नाही. आता पाकीट मिळतं ना दुकानात,’’ चाचा म्हणाले. ‘‘पण सैन्यातला पोरगा सुट्टी संपवून निघाला, की त्याची आई डबा घेऊन येतेच.’’

रविवारी जुन्नरचा बाजार. सकाळी गरम खारीची पुडी घेऊन मी आधी शिवनेरीच्या बाजूला चालत गेले. या गावाभोवतीच्या डोंगरांत 200 हून जास्त लेणी कोरलेली आहेत. नाणेघाटातून चढून आलेला माल सातवाहनांच्या काळात इथे उतरत असे, आणि त्या व्यापाऱ्यांनी भिक्षूंसाठी जी दानं दिली ती ब्राह्मी अक्षरांत भिंतींवर लिहून ठेवली. त्यात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेलं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं आहे. आणि मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो एका यवनाचा लेख. चिट हे त्याचं नाव. त्याने संघाला दान दिलं ते भोजनमंडपाचं. परमुलखातून आलेल्या माणसाने जुन्नरमध्ये आपलं नाव मागे ठेवायचं ठरवलं, ते पंगतीच्या जागेवर.

आणखी एक परका माणूस इथे जेवून गेला. पंधराव्या शतकात त्वेरचा अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलमार्गे जुन्नरला पोहोचला आणि पावसाळा त्याने इथेच काढला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला, तरीही हा माणूस आपल्या टिपणांत इथल्या पेरण्या, धर्मशाळेत पाहुण्यांचा स्वयंपाक रांधणाऱ्या बायका आणि घोड्यांना तेल-साखर घालून चारली जाणारी खिचडी यांची नोंद करायला विसरला नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने कसं असावं याचा तो माझ्यासाठी धडा आहे. आपल्यावर काय ओढवलं ते लिहावंच, पण लोक काय खात होते तेही पाहावं.

बाजारात उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. डिसेंबरात हा बाजार हिरवा असतो. मेथीच्या जुड्या, ओला हरभरा डहाळ्यांसकट, पावटा, कोवळी गाजरं. एका कडेला सुकट-बोंबलांच्या पाट्या. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या आदिवासी बाया वरई आणि नाचणी घेऊन बसलेल्या, मापाला पायली आणि आधोली अजून तोंडात. भेळवाल्याकडे मुरमुऱ्यांचा डोंगर, त्याच्या उतरणीवर कांदा आणि हिरवी मिरची. आणि गोडीशेव! बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळवून वाळवलेली, वरून पांढुरकी, दाताखाली आधी कुरकुरीत आणि मग चिवट. या दोन तालुक्यांत गोडीशेवेवाचून जत्रा पुरी होत नाही. थापलिंगच्या खंडोबाला पौष पौर्णिमेला गेलेला माणूस भंडाऱ्याची पुडी आणि गोडीशेवेची पुडी अशा दोन पुड्या घेऊनच घरी परततो. लहानपणी मला या दोन्ही पुड्यांचा मान सारखाच वाटे.

जुन्नर तालुका 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, आणि 2023 च्या फेब्रुवारीत शिवजयंतीच्या निमित्ताने पर्यटन विभागाने इथे हिंदवी स्वराज्य महोत्सव भरवला. मांडव, रोषणाई, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या. असे महोत्सव हवेत असंच माझं मत आहे. फेब्रुवारीत इकडे द्राक्षांचा बहर असतो, काळी जम्बो द्राक्षं परदेशी जातात, आणि त्यांच्या नावाने गावात चार लोक आले तर आनंदच. पण महोत्सव तीन दिवसांत उठतो, आणि बाजार दर रविवारी पुन्हा बसतो. पोट भरतं ते बाजारावर. एखाद्या पाहुण्याने विचारलं तर मी रविवारी ये म्हणेन.

सोमवारी सकाळी नारायणगावची एसटी. हे गाव तमाशाचं. यात्रांचा हंगाम जवळ आला की फडांच्या राहुट्या इथे लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. व्यवहार ठरतो तो चहा आणि भज्यांच्या साक्षीने. हे गाव टोमॅटोचंही. हंगामात 20 किलोच्या क्रेटांनी आवार भरून जातं आणि 2023 च्या जुलैत भाव चढले तेव्हा देशभरच्या बातम्यांत नारायणगाव होतं. पण मी गेले होते मैत्रिणीच्या घरी, तिच्या सासूबाईंकडून मासवडी शिकायला.

मासवडीत मासा नाही. नाव पडलं ते आकारावरून. जुन्नर-आंबेगावच्या घरांत पाहुणा शाकाहारी असेल आणि त्याचा मान तर मटणाएवढाच ठेवायचा असेल, तर मासवडी. काकूंनी आधी सारण केलं. तीळ आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजलं, कांदा परतून कोरडा केला, भरपूर लसूण, कोथिंबीर, घरचा मसाला. ‘‘सारण ओलं राहिलं की वडी फुटली म्हणून समज,’’ त्या म्हणाल्या. मग कढईत पाण्याला हळद, तिखट, मीठ आणि तेल घालून उकळी आली, तसं त्यांनी एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने लाटण्याने घोटायला घेतलं. घोटताना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. गुठळी होऊ द्यायची नाही आणि करपूही द्यायचं नाही, तेवढ्या दोन-तीन मिनिटांत सगळा जीव त्या लाटण्यात असतो.

झाकण ठेवून वाफ आली. ओलं सुती फडकं पाटावर पसरून त्यावर तो चटका देणारा गोळा टाकला. पाण्यात हात बुडवायचा, थापायचं, पुन्हा बुडवायचा. पातळ चौकोन झाला, मधोमध सारणाची लांब रेघ, आणि फडक्याच्याच आधाराने दोन्ही कडा उचलून घडी. वरून हलका दाब दिला की माथ्याला कंगोरा येतो. सुरीने आडवं कापलं की समोर माशाची तुकडी, आत काळसर सारण. ‘‘बेसन गार झालं की ते ऐकत नाही,’’ काकूंनी हात फुंकत सांगितलं. त्यांच्या बोटांची टोकं लाल झाली होती. जेवताना वडी वेगळी, रस्सा वेगळा. तुकडी रश्शात आयत्या वेळी बुडवायची, आधीपासून टाकून ठेवायची नाही. रस्सा पातळ आणि झणझणीत, तवंग वर. सोबत बाजरीची भाकरी.

पुण्याच्या भीमथडी जत्रेत मासवडीपुढे गर्दी होते ती मी पाहिली आहे, त्या टपरीवरच्या बायांचा मला अभिमान वाटतो. तरी सांगते, फडक्यावरून ताटात येईपर्यंतची पाच मिनिटं फक्त घरात मिळतात.

त्याच आठवड्यात आण्याची यात्रा होती. माझी धाकटी मावशी आणे पठारावर दिली आहे. आळेफाट्याहून नगरच्या दिशेने निघालं, की बेल्हे मागे पडतं, ज्याचा सोमवारचा बैलबाजार नामांकित आहे, आणि गुळुंचवाडीपासून घाट चढायला लागतो. तिथे ओढ्याने खडक पोखरून केलेला नैसर्गिक पूल आहे, शेजारी मळगंगेचं देऊळ. घाट चढून वर आलं की देशच बदलतो. खाली कुकडीचं पाणी, ऊस, द्राक्षांचे मांडव. वर उघडी माळरानं, बाजरी, हुलगा आणि विहिरींचे खोल गेलेले तळ. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं या दोन तालुक्यांत आहेत, पण पठार उंचावर राहिलं आणि पाणी खालून गेलं. या कोरड्या पठारावर आणे गावात रंगदास स्वामींची समाधी आहे, आणि त्यांच्या पुण्यतिथीला येईल त्याला आमटी-भाकरीचा प्रसाद असतो.

मी आदल्या संध्याकाळीच मावशीकडे पोहोचले. पहाटे तीनला तिने चूल पेटवली. घरोघर तीच वेळ. अंधारात सगळ्या वस्तीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि तो आवाज जात्यावरच्या आवाजासारखा एका लयीत लागला होता. मी पीठ मळून द्यायची, मावशी थापायची, तिची सून शेकायची. ‘‘किती करायच्या गं मावशी?’’ ‘‘पीठ आहे तवर करायच्या.’’ उजाडलं तेव्हा मोठ्या दुरडीत धोतराच्या फडक्यात भाकऱ्यांची चळत उभी होती. वस्तीवरचा ट्रॅक्टर दारोदार थांबत आला. कुणाची दुरडी, कुणाचं गाठोडं, कुणाचं पातेलं. सगळं ट्रॉलीत चढलं. तिथे मात्र चिठोरं नव्हतं. माझा हात नकळत आडनाव लिहायला शिवशिवला होता, मावशीने दुरडी उचलून रिकामी केली आणि तिच्या भाकऱ्या शंभर घरांच्या भाकऱ्यांत मिसळून गेल्या.

आण्यात चुलवणांवर कढया चढलेल्या होत्या. एकेका कढईत माणूस उभा राहील एवढी. लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यांनी दोन-दोन माणसं आमटी हलवत होती, त्यांच्या डोळ्यांतून मसाल्याच्या वाफेने पाणी वाहत होतं. मसाल्याचा तो वास गावात शिरण्याआधी रस्त्यावरच भेटतो. खोबरं, लवंग, दालचिनी, लाल तिखट, आणि त्याखाली शिजलेल्या डाळीचा गोडवा. दुपारी पंगती बसल्या. मैदानात ओळीच ओळी, मांडीला मांडी. भाकरी हातात पडते, ती आपण चुरायची, आणि बादल्या घेऊन पळणारी पोरं वरून आमटी ओततात. पहिल्या घासाला ठसका लागतो, दुसऱ्याला घाम फुटतो, आणि मग थांबवत नाही. माझ्या एका बाजूला मुंबईहून गाडी करून आलेलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला मेंढरं राखणारे एक आजोबा. आजोबांनी माझी भाकरी नीट चुरलेली नाही हे पाहिलं आणि काही न बोलता स्वतःच्या हाताने ती बारीक करून दिली. ‘‘आता वढंल रस्सा,’’ ते म्हणाले.

ज्या गावांच्या विहिरी फेब्रुवारीत तळाला जातात, ती गावं येईल त्याला पोटभर जेवू घालतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण ती भाकरी कुठल्या अंधारात, कुठल्या चुलीवर तयार होते ते पाहिल्यावर, पंगतीत बसून मला बराच वेळ मान वर करता आली नाही.

निघताना मावशीने डब्यात आमटी भरून दिली. शेजारणींसाठी. घरोघरच्या पाहुण्यांच्या हातात असे डबे आणि किटल्या होत्या.

तिथून आंबेगाव तालुका. मंचर मी लवकर मागे टाकलं. पुणे-नाशिक रस्त्याचा बाह्यवळण मार्ग झाल्यापासून घाईची वाहतूक गावाबाहेरून जाते आणि मंचरच्या हॉटेलांत पुन्हा गावचीच माणसं निवांत बसलेली दिसतात, हे चांगलं वाटलं. 1992 पासून इथे पराग मिल्कचा कारखाना आहे, गोवर्धन तूप देशभर जातं. दुधाच्या बळावर गावोगावी पक्की घरं उभी राहिली. बटाटावडा खाल्ला. पूर्वेकडच्या बागायतीपासून दूर, सातगाव पठारावर पावसाळ्यात बटाट्याचं मोठं पीक होतं, वेफर्सच्या कंपन्याही इथून माल उचलतात. वडेवाल्या दादांना मी बटाटा कुठला विचारलं, तर त्यांनी पठाराच्या दिशेला नुसता हात केला.

घोडेगावला आत्या. तिचं सासर जुन्या आंबेगावचं. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव डिंभे धरणात गेलं. त्या जलाशयाला आता हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला होता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात. आत्या एकदाच पाहायला गेली. ‘‘बाजार कुठं भरायचा ते ओळखू आलं,’’ ती म्हणाली. ‘‘डोंगरातली माणसं हिरडा घेऊन उतरायची, आणि जाताना मीठ, गूळ, कापड न्यायची. आमच्या दुकानात टोस्टचा डबा असायचा. पोराला एक टोस्ट दिला की पोर गप, बाप निवांत बाजार करायचा.’’

आजही घोडेगावहून भीमाशंकरच्या बाजूला जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत बेकरीच्या पिशव्या दिसतात. टोस्ट, बटर, खारी. ताजा पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो, बटर मात्र पावसाळ्यातही डब्यात घट्ट झाकून ठेवलं तर आठवडाभर टिकतं. कोऱ्या चहात बुडवलेलं बटर हा डोंगरातल्या कित्येक घरांचा सकाळचा आहार आहे. भट्टीच्या शेवटच्या धगीत जे वाळलं, तेच सगळ्यांत लांब प्रवास करतं.

आत्याकडे मी ऑगस्टमध्येही आले होते. 9 ऑगस्टला आदिवासी दिन असतो आणि त्याच सुमारास कृषी विभागाचे रानभाज्यांचे महोत्सव भरतात. महादेव कोळी आणि ठाकर बायांनी टोपल्या मांडल्या होत्या. करटोली, भारंगी, कुर्डू, चाईचा मोहर, रानकेळीचं कवदर. प्रत्येक भाजीपुढे नावाची पाटी, पण खरी माहिती टोपलीमागच्या बाईकडे. भारंगी उकळून, पिळून, कडूपणा काढून मगच फोडणीला टाकायची. कुर्डूची पानं कोवळी असतानाच खुडायची. कवदर चिरताना हातांना तेल लावायचं. एका आजीने मला चाईचा मोहर देताना बजावलं, ‘‘वेल उपटू नको. मोहरच घे, पुढच्या वर्षी पुन्हा येईल.’’ ज्यांच्या घरी ही भाजी दुष्काळात पोटाला आधार होती, त्यांच्याकडून आता अधिकारी, डॉक्टर, शिक्षक कृती उतरून घेत होते. मीही वही भरली. त्या दिवशी त्या बायांच्या आवाजात जो ठामपणा होता तो मला पुन्हा ऐकायचा आहे.

या खेपेला डिसेंबरचं ताट निराळं. इंद्रायणीचा मऊ भात, खुरासणीची चटणी, नाचणीची भाकरी. जेवून उठताना आत्याने 5 किलोची पिशवी पुढे केली. घरच्या नाचणीचं पीठ, आणि वर गुळाची ढेप. ‘‘तुझ्या त्या चाचांना विचार, याची बिस्किटं पडतील का. नातवंडं पाकिटातलीच मागतात. घरच्या पिठाची खातील, बिस्किटासारखी दिसली तर.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुन्नरच्या बेकरीत पोहोचले. हातात पिशवी, दुधाची किटली आणि कडकडीत वाळवलेला पत्र्याचा डबा. भट्टी शांत झाली होती. चाचांनी पिठाची चिमूट बोटांत चोळली, जिभेला लावली. ‘‘याला चिकटपणा नाही. नुसतं घेतलं तर यंत्रातून तुटून पडंल. निम्मं गव्हाचं घालू आणि हाताने वळू, नानकटाईसारखं.’’ गूळ त्यांनी बारीक किसून तुपात फेसायला घेतला. खूप वेळ फेसला. मी वेलदोड्याची पुडी उघडली. पहिल्या पत्र्यातली चार बिस्किटं त्यांनी आधी एकटीच आत पाठवली, बाहेर काढून एक मोडून पाहिलं, आणि मग पिठात दोन चमचे दूध वाढवलं. दुसऱ्या खेपेची फुलली. वरून भेगाळलेली, रंग ओल्या मातीसारखा.

पत्रे आत जाण्याआधी चाचांनी खिशातलं पेन माझ्यापुढे धरलं. चिठोऱ्यावर मी आत्याचं आडनाव लिहिलं आणि पिठाच्या चिमटीने कोपऱ्याला चिकटवलं.

संध्याकाळी डबा घेऊन स्टँडवर गेले. घोडेगावची गाडी लागलेली होती. कंडक्टर दादांना सांगितलं, की स्टँडवर आत्याचा मुलगा उतरवून घेईल. त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून आपल्या सीटखाली सरकवला, आणि सरकवताना झाकणावर तळहात टेकवला.

‘‘अजून गरम आहे की,’’ ते म्हणाले, आणि घंटीची दोरी ओढली.